छोट्या विमानात फोन-आयपॅड चार्ज करायचाय? चार्जर निवडण्यापासून रेडिओच्या चाचणीपर्यंत

अ‍ॅरिझोनातला प्रेस्कॉट विमानतळ ४० मैलांवर आला तेव्हा मी रेडिओवर तिथलं एटिस, म्हणजे सतत चालू असलेलं निवेदन, लावलं. वारा किती, हवेचा दाब किती, कुठली धावपट्टी चालू आहे, हे सगळं त्या निवेदनात असतं. माझ्या कानात मात्र नुसती खरखर. आवाज वाढवला, दुसऱ्या रेडिओवर तीच फ्रिक्वेन्सी लावली, हेडसेटचे प्लग काढून पुन्हा घातले. खरखर तशीच. एकटीचं लांबचं उड्डाण, शेजारची सीट रिकामी, खाली डोंगर आणि पुढे भरपूर वर्दळीचा विमानतळ. परत फिरावं असं ठरवून आयपॅडवरचा नकाशा सरकवायला हात नेला, तेव्हा केबल ओढली गेली आणि चार्जर सॉकेटमधून निघाला. त्या क्षणी निवेदन स्वच्छ ऐकू आलं.

रेडिओ ठणठणीत होता. आदल्या संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून घेतलेल्या चार्जरने त्याचा आवाज बुडवला होता.

आपल्याकडची बरीच मुलंमुली वैमानिक व्हायला अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा, टेक्सासला येतात. हेडसेट कुठला घ्यावा यावर तासन्‌तास चर्चा होते, चार्जरचा विषय कोणी काढत नाही. आणि आयपॅड तर आता प्रत्येकाच्या मांडीवर असतो, कारण नकाशे, विमानतळांची माहिती, वजनाचा हिशेब, सगळं त्यातच. मी फिनिक्सजवळच्या फाल्कन फील्डवर सेसना १७२ वर शिकले. खाली जे नियम सांगितलेत ते अमेरिकेतले आहेत. तुम्ही भारतातल्या फ्लाइंग क्लबात उडत असाल तर विजेचा आणि रेडिओचा भाग जसाच्या तसा लागू पडेल; परवानगीचं मात्र तुमच्या मुख्य प्रशिक्षकांनाच विचारा.

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा:

- तुम्ही उडवता त्या विमानाचं पीओएच, म्हणजे वैमानिकाची माहितीपुस्तिका. त्याच मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं.
- उड्डाणशाळेचे लेखी नियम.
- चार्जर, आणि त्याच्यावरच्या बारीक अक्षरांचा फोनने काढलेला फोटो. ही अक्षरं पुसली जातात.
- दोन चांगल्या, आखूड केबली.
- हेडसेट.
- जेमतेम ३०-४० टक्के चार्ज असलेला आयपॅड. पूर्ण भरलेला चालणार नाही. कारण चौथ्या पायरीत आहे.

१. विमान १४ व्होल्टचं की २८ व्होल्टचं, ते आधी शोधा

मोटारीत हा प्रश्नच येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी, इंजिन चालू झालं की साधारण १४ व्होल्ट, संपलं. छोट्या विमानांत मात्र दोन घराणी आहेत. एकात १२ व्होल्टची बॅटरी आणि १४ व्होल्टची यंत्रणा. दुसऱ्यात २४ व्होल्टची बॅटरी आणि २८ व्होल्टची यंत्रणा. सेसना १५० पहिल्या घराण्यातली, दिसायला जवळजवळ तशीच असलेली सेसना १५२ दुसऱ्या. सेसना १७२ तर एकाच नावाखाली दोन्हीकडे सापडते: १९७७ पर्यंतच्या मॉडेलांत १४ व्होल्ट, १९७८ पासून २८.

घोळ होतो तो सॉकेटमुळे. सिगारेट लायटरचं ते गोल भोक दोन्हीकडे सारखंच दिसतं आणि मोटारीचा चार्जर दोन्हीकडे बसतो. आमच्या शाळेत १९७६ ची एक १७२ होती आणि १९८१ ची एक. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने घरून आणलेला चार्जर जुन्या विमानात महिनाभर बिनतक्रार वापरला. मग एक दिवस दुसरं विमान मिळालं. टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवर धावपट्टीकडे नेतानाच, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. प्रशिक्षक शेजारी होते, त्यांनी चार्जर उपटला आणि विमान परत आणलं. हेच हवेत झालं असतं तर काय, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

म्हणून सॉकेटवर, विमानाच्या नावावर किंवा मित्राच्या शब्दावर विसंबू नका. पीओएचचा सातवा विभाग उघडा. त्यात विद्युत यंत्रणेचं वर्णन आणि आकृती असते. तिथे व्होल्टचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. जी१००० हे डिजिटल पडद्यांचं पॅनेल बसवलेल्या नव्या १७२ मध्ये विमान २८ व्होल्टचं असलं तरी केबिनमधलं सॉकेट १२ व्होल्टचं असतं, कारण मध्ये कन्व्हर्टर असतो. त्यावर १२ व्होल्ट, १० अँपिअर असं लिहिलेलं असतं. त्या सॉकेटच्या वापरावरची बंधनं पीओएचच्या दुसऱ्या विभागात, मर्यादांमध्ये दिलेली असतात. ती वाचल्याशिवाय ते सॉकेट वापरू नका.

२. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॉट छापलेले असतात. आपल्याला ‘इनपुट’ हा शब्द हवा. त्यापुढे काय लिहिलंय, त्यावर निर्णय घ्या:

- फक्त १२ व्होल्ट: २८ व्होल्टच्या विमानाजवळही नेऊ नका.
- १२-२४ व्होल्ट: हा ट्रकसाठीही बनवलेला असतो. ट्रकची २४ व्होल्टची यंत्रणा इंजिन चालू असताना २८ च्या आसपासच देते, त्यामुळे नामवंत कंपनीचा असा चार्जर सहसा चालतो. स्वस्तातल्या चार्जरमध्ये मात्र वर काहीच मोकळीक नसते.
- ३२ व्होल्ट किंवा त्याहून जास्त कमाल मर्यादा: हाच घ्या.

३२ का? २८ व्होल्टच्या सेसनात आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज देणारं यंत्र, बिघडून व्होल्टेज चढू लागलं, तर साधारण ३१.५ व्होल्टला संरक्षक यंत्रणा तो बंद करते. म्हणजे बिघाडाच्या वेळी तेवढं व्होल्टेज चार्जरपर्यंत पोहोचू शकतं. इतर गोष्टी बिघडत असताना चार्जरने तरी पेट घेऊ नये.

एफसीसी किंवा सीई अशी चिन्हं पाहून निश्चिंत होऊ नका. ती चिन्हं घरगुती उपकरणांच्या मर्यादांची आहेत. विमानाच्या अँटेनापासून हातभर अंतरावर चार्जर शांत राहील, असं ती सांगत नाहीत.

३. वॉटच्या मागे लागू नका

साध्या जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि १ अँपिअर, म्हणजे ५ वॉट मिळतात. भर उन्हात पडदा पूर्ण उजळ, जीपीएस चालू, नकाशा सतत हलतोय, अशा आयपॅडला ते पुरत नाहीत. बॅटरी उतरतच राहते, फक्त जरा सावकाश. १२ वॉटवर ती टिकून राहते, २० वॉटच्या टाइप-सी पोर्टवर चढते. एका उपकरणाला १२ ते २० वॉट, बस.

६५ आणि १०० वॉटचे चार्जर लॅपटॉपसाठी असतात. विमानात तेवढ्याची गरज नाही, आणि जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता आणि बहुधा जास्त खरखर. विमानावर भार किती येईल याची काळजी नको: २८ व्होल्टवर २० वॉट म्हणजे १ अँपिअरही नाही.

४. रेडिओची चाचणी जमिनीवर घ्या

हीच पायरी लोक सोडतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची आहे. चार्जर कितीही महागाचा असू दे, तुमच्या विमानात, तुमच्या रेडिओसोबत तो कसा वागतो हे फक्त ऐकूनच कळतं.

खरखर येते कुठून, ते आधी समजून घेऊ. २८ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला चार्जरमधला एक बारकासा स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. त्या उघडझापीतून रेडिओलहरी निर्माण होतात, त्यांच्या पटीतल्या लहरी शंभर मेगाहर्ट्‌झच्या पुढेही पोहोचतात, आणि आपण लावलेली केबल त्यांच्यासाठी अँटेना बनते. विमानाचा संभाषणाचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ, व्हीओआरचा, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचा, १०८ ते ११८. विमानातलं बोलणं एएम पद्धतीचं असतं, त्यामुळे अशी खरखर थेट कानात ऐकू येते. चांगल्या चार्जरमध्ये ती अडवणारे फिल्टर आणि धातूचं आवरण असतं. स्वस्त चार्जरमध्ये पैसा वाचवतात तो नेमका इथे.

टॉवरचा जोरदार सिग्नल या खरखरीवर मात करतो. म्हणून घरच्या विमानतळावर सगळं छान ऐकू येतं आणि ४० मैलांवरचं क्षीण एटिस बुडतं. माझं तेच झालं होतं. चाचणी क्षीण सिग्नलवरच घ्यायची, ती अशी:

अ) इंजिन चालू करा आणि रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या आवारात, मोकळ्या जागी, ब्रेक लावून थांबा. शेजारी प्रशिक्षक असू द्या. चार्जर अजून लावायचा नाही.

आ) दूरच्या एखाद्या विमानतळाचं एटिस लावा, जेमतेम ऐकू येणारं. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी रेडिओतली सोय) उघडा, म्हणजे मागची सळसळ ऐकू येईल. ती नीट कानात बसवा.

इ) चार्जर नुसता सॉकेटमध्ये घाला, उपकरण न जोडता. फरक पडला का?

ई) आता ३०-४० टक्क्यांवरचा आयपॅड जोडा. भरलेला आयपॅड वीज फारशी ओढत नाही, त्यामुळे चार्जर आरामात असतो आणि चाचणी खोटी पास होते. रिकाम्या आयपॅडवर तो पूर्ण जोर लावतो. मग दुसऱ्या पोर्टला फोनही जोडा.

उ) दोन्ही रेडिओ ऐका. पट्ट्याच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागातल्या तीन-चार फ्रिक्वेन्सी ऐका; खरखर एखाद्याच ठिकाणी दडलेली असू शकते. जवळ व्हीओआर असेल तर त्याची मोर्स संकेतातली ओळख ऐका आणि सुई डळमळते का पाहा. जीपीएसची स्थितीही तपासा.

ऊ) केबल हलवा, दुसऱ्या बाजूने न्या, गुंडाळी करा. कधी कधी दोष चार्जरपेक्षा केबलच्या जागेचा निघतो.

सळसळ वाढली, सूर लागल्यासारखा आवाज आला, किंवा स्क्वेल्च बंद असताना आपोआप उघडू लागला, तर तो चार्जर त्या विमानासाठी बाद. केबलीवर बसवायचा फेराइटचा चिमटा मिळतो, त्याने थोडाफार फरक पडतो. पण फेराइट लावून कसाबसा चालणारा चार्जर मी ठेवत नाही. विमान बदललं की चाचणी पुन्हा घ्यायची, कारण अँटेनाची जागा आणि वायरिंग प्रत्येक विमानात वेगळं असतं.

आयपॅडमधून हेडसेटला वायरने आवाज घेत असाल तर चार्जिंग करताना कानात गुणगुण येऊ शकते. ती वेगळी गोष्ट: दोन वाटांनी अर्थिंग झाल्यामुळे ती येते. ब्लूटूथवर गेलात की थांबते.

५. परवानगी कोण देतं

अमेरिकेत यासाठी एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचा, ९१.२१ हा नियम आहे. विमान कंपन्यांच्या उड्डाणांत, आणि इतर कुठल्याही विमानात आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमांनुसार) उड्डाण चालू असताना, सोबत नेलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरायला तो मनाई करतो. मग सवलती येतात: आवाज ध्वनिमुद्रित करणारी यंत्रं, श्रवणयंत्रं, पेसमेकर, अगदी दाढीचं विजेचं मशीनसुद्धा. शेवटची सवलत आपल्या कामाची: ज्या उपकरणाचा विमानाच्या दळणवळणाला किंवा दिशादर्शनाला त्रास होत नाही, असं ठरवलं गेलं आहे, ते उपकरण. छोट्या खाजगी विमानात हे ठरवण्याचा अधिकार पायलट-इन-कमांडला, म्हणजे उड्डाणाची जबाबदारी असलेल्या वैमानिकाला, किंवा विमान चालवणाऱ्या संस्थेला आहे.

म्हणजे चौथ्या पायरीतली चाचणी हाच तुमच्या निर्णयाचा आधार. खाजगी विमानाच्या व्हीएफआर (बाहेर बघून उडण्याच्या नियमांनुसार) उड्डाणाला हा नियम लागू होत नाही, पण शाळेचे नियम लागू होतात आणि ते जास्त कडक असू शकतात. लेखी पाहा. चेकराइडच्या, म्हणजे परवान्याच्या अंतिम परीक्षेच्या, तोंडी भागात आयपॅड वापरणार असाल तर या नियमाचा प्रश्न येईल असं धरून तयारी करा.

६. केबल कुठून जाते ते बघा

१ मीटरपेक्षा लांब केबल नको. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतं, आणि लोंबणारी केबल योकला, म्हणजे विमानाच्या हातातल्या चाकाला, अडकते. केबल लावल्यानंतर योक दोन्हीकडे पूर्ण फिरवा, पूर्ण मागे घ्या, पुढे ढकला, रडरची पायाखालची पेडलं शेवटपर्यंत दाबा. कुठेही ताण येता कामा नये. उड्डाणापूर्वीची नियंत्रणांची तपासणी कराल ती केबल लावलेली असतानाच करा.

होकायंत्राकडेही लक्ष द्या. फोनच्या होल्डरमधले चुंबक आणि वीज वाहणारी केबल, दोन्ही त्याला वळवू शकतात. होल्डर बसवण्याआधी आणि नंतर होकायंत्राचं वाचन घ्या. एका अंशाने जरी हललं तरी होल्डर दुसरीकडे लावा.

७. कधी लावायचा, कधी काढायचा

इंजिन सुरू होताना स्टार्टर बॅटरीतून भरपूर वीज ओढतो, व्होल्टेज एकदम खाली जातं आणि मग उसळी घेतं. त्या वेळी सॉकेट रिकामं हवं. मी इंजिन सुरू झाल्यावर, आल्टरनेटर चार्ज देतोय हे मीटरवर पाहून मग चार्जर लावते, आणि इंजिन बंद करण्याआधी काढते. नुसत्या बॅटरीवर, मास्टर स्विच चालू ठेवून फोन चार्ज करत बसू नका. पुढच्या विद्यार्थ्याला विमान सुरू करता येणार नाही.

चार्जर सैल बसत असेल तर तोही बाद. विमानाच्या थरथरीत सैल जोड ठिणग्या देतो आणि तापतो.

८. फिनिक्सचं ऊन

अ‍ॅपल आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेचं तापमान सांगते. फिनिक्सला उन्हाळ्यात ४३-४४ अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि काचेखाली उन्हात ठेवलेला आयपॅड त्याहून कितीतरी तापतो. चार्जिंगची उष्णता त्यात भर घालते. आधी चार्जिंग थांबतं, मग पडदा मंद होतो, शेवटी तापमानाचा इशारा येऊन सगळं बंद.

विदर्भ-खानदेशातून आलेल्यांना उन्हाळा नवा नाही, पण इथे उपाय वेगळा: रात्री १०० टक्के चार्ज करून निघा, हवेच्या झरोक्याची हवा आयपॅडवर येईल असा तो लावा, आणि तापलेला दिसला तर चार्जर काढा. तापलेल्या आयपॅडला जास्त वीज देऊन काही मिळत नाही. दीड-दोन तासांच्या उड्डाणाला बहुतेक वेळा चार्जर लागतच नाही.

९. पॉवर बँक: माझी पहिली पसंती

विद्यार्थ्याला मी आधी पॉवर बँकच घ्यायला सांगते. विमानाच्या विजेशी संबंध नाही, १४-२८ चा प्रश्न नाही, आणि विमानाची वीज गेली तरी नकाशा चालू राहतो. त्यातही व्होल्टेज बदलणारं सर्किट असतंच, म्हणून चौथ्या पायरीतली चाचणी तिचीही घ्या.

१०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॉट-अवर. आयपॅड मिनीची बॅटरी १९.३ वॉट-अवरची आहे, त्यामुळे गळती धरूनही ती एकदा पूर्ण भरते. भारतातून आणत असाल तर ती हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आकडा बँकेवर छापलेला हवा. फुगलेली, आपटलेली बँक टाकून द्या, आणि उन्हात उभ्या विमानात बँक कधीही विसरू नका.

१०. स्वतःचं विमान असेल तर पॅनेलवर बसवलेला पोर्ट

मिड-कॉन्टिनेंट, गार्मिन अशा कंपन्या विमानासाठीच बनवलेले यूएसबी पोर्ट विकतात. त्यांची किंमत साध्या चार्जरच्या कितीतरी पट असते. पैसे जातात ते इनपुटच्या रुंद मर्यादेला, फिल्टरला आणि चाचण्यांना. ते बसवणं हे प्रमाणित मेकॅनिकचं काम आहे, लॉगबुकात नोंद लागते. लायटरच्या वायरीवर स्वतः जोडणी करू नका. क्लबचं किंवा भाड्याचं विमान असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही.

११. वास किंवा धूर आला तर

आधी विमान सांभाळा. मग चार्जर उपटा. धूर थांबला नाही तर पीओएचमधली विजेच्या आगीची चेकलिस्ट सुरू करा, आणि तिची सुरुवातीची कलमं तोंडपाठ असू द्या. सॉकेटचा ब्रेकर उडाला असेल तर हवेत तो पुन्हा दाबू नका; फोनच्या चार्जिंगसाठी तो धोका घ्यायचं काही कारण नाही. जुन्या सेसनांमध्ये लायटरचा ब्रेकर लायटरच्याच मागे, पॅनेलच्या आत असतो, तो हवेत हाताला लागतही नाही. उतरल्यावर मेकॅनिकला सांगा.

पेटलेली लिथियम बॅटरी वेगळी वागते. हॅलॉनचं अग्निशामक ज्वाला विझवतं, पण आतली बॅटरी तापलेलीच राहते आणि पुन्हा पेटते. त्यानंतर भरपूर पाणी ओतून ती थंड करावी, असं एफएए सांगते. बर्फ ठेवू नका, तो उष्णता आतच कोंडतो. पाण्याची मोठी बाटली हाताच्या अंतरावर ठेवा. अ‍ॅरिझोनात ती तशीही लागतेच.

आणि आयपॅड बंद पडलाच तर? फोनवर तेच अ‍ॅप, तेच नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि विमान मोडवर उघडून पाहा. शिवाय सेक्शनल चार्ट, म्हणजे वैमानिकांसाठीचा कागदी नकाशा, सोबत असू द्या. तो दर ५६ दिवसांनी नवा निघतो, तेव्हा निघण्याआधी त्याच्यावरची तारीख बघा.